एरंडेलाचे दोन दिवस

आमच्या शेजारच्या वत्सलाबाईंना गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी एक कागद दिला. पोटाची तपासणी आहे, आदल्या दिवशी पोट साफ करून यायचं. तो कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या, कारण या तपासणीतून गेलेली बाई म्हणून गावात मी एकटीच. "बाई, लय त्रास व्हतो का ओ?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, होतो. त्या रडायला लागल्या. मग मला वाटलं, नुसतं 'होतो' म्हणून माणसाला घरी पाठवणं बरं नाही. रात्री वही काढली आणि लिहायला बसले.

आधीच सांगते, मी वाचले. ऑपरेशन झालं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली, शाळेतून निवृत्त होण्याइतकी मी जगले आहे. तेव्हा शेवट काय होतो म्हणून जीव टांगणीला लावू नका. मला सांगायचं आहे ते ऑपरेशनचं नाही, त्याच्या आधीच्या दोन दिवसांचं आहे. दोन्ही दिवशी मी एरंडेल प्यायले, दोन्ही दिवसांत महिनाभराचं अंतर होतं, आणि तो महिना माझ्यामुळे गेला.

अंधारातलं

मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवायची. घरात आम्ही चौघं. मी, हे, आमची मुलगी आणि सासूबाई. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. हे खोपोलीला कारखान्यात पाळीवर जात, घरची भातशेती आत्या बघत.

गावात कुणाच्याच घरी संडास नव्हता. बायकांनी उजाडायच्या आत जायचं, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधल्या वेळात पोटानं गप्प बसायचं. आम्ही सगळ्याजणी पोटाला अशी शिस्त लावून होतो, शाळेतल्या मुलांना मला कधी तेवढी लावता आली नाही. चार-पाचजणी मिळून बांधाच्या पलीकडे जायचो, गप्पा मारायचो, परत यायचो. अंधारात काय झालं, काय पडलं, कोण बघतं?

सहा-सात महिने मला थकवा होता. फळ्यापाशी उभं राहिलं की घाम फुटायचा. पोटात मुरडा यायचा, पोलकी सैल व्हायला लागली. कुणी म्हणालं अशक्तपणा, कुणी म्हणालं मूळव्याध, एकीनं तर नजर लागलीय म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मी लोहाच्या गोळ्या घेत राहिले.

भाऊबीजेला आम्ही यांच्या मोठ्या बहिणीकडे, कुसुमताईंकडे, भिवपुरीला गेलो. त्यांचे यजमान वीजघरात कामाला, राहायला क्वार्टर. मागच्या अंगणात संडास होता. पांढरंशुभ्र भांडं, वर ओढायची साखळी, आणि झरोक्यातून आत येणारं ऊन. सकाळचे दहा वाजले असतील. आयुष्यात पहिल्यांदा मी भर उजेडात खाली बघितलं, आणि भांड्यात रक्त होतं. थेंब-दोन थेंब नाही, चांगलं बरंच. आधी वाटलं, पाळी आली. तारखा मोजल्या, ती नव्हती. मी साखळी ओढली, सगळं वाहून गेलं, आणि बाहेर येऊन ताईंच्या हातातलं ओवाळणीचं ताट धरलं.

दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी निघताना ताईंना सांगितलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं येडे, हे काय लपवायचं हाय? चल कर्जतला."

गाठ

कर्जतला तेव्हा एका ट्रस्टचं छोटं इस्पितळ होतं. आता ते नाही. तिथले डॉक्टर वयस्क होते, सावकाश बोलायचे. त्यांनी तपासलं. कसं तपासलं ते लिहीत नाही, ज्यांचं झालंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांचं व्हायचंय त्यांना उगाच आत्तापासून भीती कशाला. हात धुतले, मला बाहेर बसवलं आणि यांना आत बोलावलं. चाळीस मुलांना पाढे शिकवणारी बाई मी, पण माझ्या पोटात काय आहे ते माझ्या नवऱ्याला सांगायचं, अशी तेव्हाची पद्धत. मला तिथेच राग आला. मी उठून सरळ आत गेले.

"गाठ असंल म्हणतात," हे म्हणाले. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता.

डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले, "आतड्यात गाठ असावी असा संशय आहे. कुठे आहे, केवढी आहे, हे फोटो काढल्याशिवाय कळणार नाही. वर असेल तर तेवढा तुकडा काढून आतडं जोडता येतं. अगदी खाली असेल तर मग शौचाची वाट पोटावरून काढावी लागते, कायमची. आणि फार पसरली असेल तर..." ते थांबले. ते का थांबले ते मला समजलं.

फोटोचे डॉक्टर मुंबईहून महिन्यातून एकदाच यायचे, एका शनिवारी. खालून पांढरं औषध भरायचं आणि एक्स-रे काढायचे, अशी ती तपासणी. त्यासाठी आतडं घासलेल्या भांड्यासारखं स्वच्छ हवं. नाहीतर मळ कुठला आणि गाठ कुठली हे फोटोत कळत नाही. सिस्टरनं तेलाची बाटली दिली आणि स्वतःच्या हातानं कागद लिहून दिला. आदल्या दिवशी सकाळी एक कप चहा. नंतर अन्नाचा कण नाही. कोरा चहा, सरबत, शहाळ्याचं पाणी चालेल. दुपारी बारा वाजता सगळं एरंडेल. जुलाब कितीही झाले तरी थांबवण्यासाठी काही देऊ नये. सकाळी सातला उपाशीपोटी हजर. 'थांबवण्यासाठी काही देऊ नये' याच्याखाली तिनं दोन रेघा मारल्या होत्या.

मी तो कागद यांना आणि ताईंना वर्गात वाचतात तसा मोठ्यानं वाचून दाखवला. पोट साफ करायला घरी राहणं शक्य नव्हतं. भर दुपारी आमच्या गावात मी कुठे जाणार होते? ताई म्हणाल्या, "माझ्याकडंच ये. संडास अंगणातच हाय, लाजायचं काय काम नाय."

पहिला दिवस

आत्या गुरुवारी संध्याकाळीच माझ्याबरोबर भिवपुरीला आल्या. घरी झोडणी चालू होती, खळ्यात भाताच्या पेंढ्या पडल्या होत्या, ते सगळं शेजाऱ्यांवर टाकून आल्या.

एरंडेल आत्यांना नवं नव्हतं. पावसाळा सरला की घरातल्या पोरांना एकदा एरंडेल द्यायचं हा आमच्याकडचा रिवाज. सकाळी पाजायचं, चार-पाचदा जाऊन पोर मलूल झालं की जायफळ उगाळून चाटवायचं आणि वर मऊ पेज पाजायची. पोट आधी धुवायचं, मग बांधायचं. धुऊन तसंच उघडं सोडलं तर माणूस खचतो, असं आत्यांचं ठाम मत होतं. त्यांनी सात पोरं आणि नातवंडं अशीच वाढवली होती.

तेल कसं प्यावं ते मी त्यांच्याकडून शिकले, आणि वत्सलाबाईंनाही सांगितलं, वाईट चवीचं कुठलंही औषध असंच प्या. आधी लिंबाची फोड मिठात बुडवून चोखायची. नाक दाबायचं. मग एका दमात सगळं, आणि लगेच वर गरम आल्याचा कोरा चहा. चव जिभेपर्यंत पोचायच्या आत काम संपतं. वास मात्र संपत नाही, तो चार दिवस नाकात राहतो.

शुक्रवारी बाराला तेल प्यायले, दोन तास काहीच झालं नाही. मी खाटेवर बसून राहिले. ताईंचे यजमान काही काम नसताना छत्री घेऊन बाहेर गेले, हिवाळ्यात. भल्या माणसाला दुसरं निमित्त सुचलं नाही. मग पोटात गुरगुरलं आणि सुरू झालं.

पहिल्या तीन वेळा माणूस शरमेनं जातं. चौथ्या वेळेपासून शरम राहत नाही. सहाव्या वेळेपासून मी आतून कडी लावणं सोडलं, कारण घेरी आली असती तर दार फोडावं लागलं असतं. खोबरेल तेल आधीच लावून ठेवावं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. जुनं मऊ लुगडं फाडून फडकी करून ठेवा. आत जाताना दिव्यासाठी, पाण्यासाठी कुणाला हाक मारावी लागणार नाही असं बघा. बाकी काही करता येत नाही. पोटात पिळा येतो, तो जातो, पुन्हा येतो. एवढंच काम दिवसभर.

दिवे लागायच्या वेळेला मी अकरा वेळा जाऊन आले होते. पायांत गोळे आले होते, ओठ सुकले होते. मला आता रक्ताची भीती वाटत नव्हती, गाठीची वाटत नव्हती, कशाचीच वाटत नव्हती. मला फक्त आडवं व्हायचं होतं आणि कुणी उठवायला नको होतं. ताई दूध आणायला गेल्या होत्या. आत्या माझे पाय चेपत बसल्या होत्या.

मी म्हणाले, "आत्या, बास झालं. आता थांबवा हे."

"कुसुम म्हणत व्हती, थांबवायचं नाय म्हून."

"ताईंना नीट कळलं नाही."

आत्यांनी उशाखालचा कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. त्यांना अक्षर ओळखत नव्हतं. "तूच वाच. काय लिवलंय?"

मी त्या दोन रेघांकडे बघितलं. "पोट रिकामं होईपर्यंत थांबवायचं नाही, असं लिहिलंय. आता काय राहिलंय पोटात?"

"खरं सांगतंस?"

"मी खोटं वाचीन का आत्या?"

त्यांनी कागद घडी घालून परत उशाखाली ठेवला. आपल्या पिशवीतून जायफळ काढलं, सहाणेवर उगाळलं, मला बोटानं चाटवलं. मग वाटीभर पेज. गरम, मिठाची, आत मऊ शितं. ती पेज मी रडत रडत प्यायले, इतकी ती गोड लागली. पोट हळूहळू शांत झालं. ताई परत आल्या तेव्हा मी झोपले होते, आणि इतकी गाढ झोप मला सहा महिन्यांत लागली नव्हती.

काहीच दिसत नाही

सकाळी वीजघराच्या गाडीनं आम्ही कर्जतला गेलो. साबणाच्या पाण्याचा एनिमा दिला. मग थंड टेबल, खालून भरलेलं पांढरं औषध, 'धरून ठेवा, धरून ठेवा, आता डाव्या कुशीवर', आणि अंधारात यंत्राचा घरघराट. मुंबईचे डॉक्टर तरुण होते आणि बाहेर आणखी दहाजण त्यांची वाट बघत होते. त्यांनी ओले फोटो दिव्यासमोर धरले आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोरच विचारलं, "पोट साफ केलं नाही का? आतडं भरलेलं आहे. काहीच दिसत नाही यात."

हे माझ्याकडे बघायला लागले. ताईही. तेवढ्यात आत्या पदर सावरत पुढे झाल्या. "तेल घेतलं जी तिनं. मग सांजच्याला मी जायफळ दिलं नि पेज पाजली. लय अशक्त झाली व्हती पोर."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला जायफळ द्यायला?"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या वाट बघत होत्या. मी भिंतीवरच्या पोपडे निघालेल्या रंगाकडे बघत राहिले.

"सांगितलेलं ऐकायचं नाही, आपल्याच मनाचं करायचं," डॉक्टर म्हणाले. "अशा अडाणीपणानं माणसं जातात. आता पुढच्या महिन्यात या."

आत्यांना बोलता आलं असतं. 'हिनंच वाचून सांगितलं' एवढे तीन शब्द होते. त्या मागे सरकून बाकाच्या टोकाला बसल्या.

मधला महिना

यांनी गाडीतच सुरू केलं. "आये, तुला कुणी सांगितलं व्हतं शहाणपणा करायला? तिला काय झालं मंजे?" त्यानंतर महिनाभर ते आईशी बोलले नाहीत. भाकरी तिच्या हातची खायचे, पण ताटाकडे बघत.

हे थांबवायला मला एक वाक्य पुरलं असतं. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मग शाळा, मग थकवा, मग रात्र. आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यांची गरज होती. आजारी माणसाला घरातल्यांनी जपावं असं वाटतं. मी खोटी आहे हे कळलं तर कोण जपणार, अशी भीती मला गाठीपेक्षा जास्त वाटायची. आज हे लिहितानाही लाज वाटते.

आत्या मला पाणीसुद्धा द्यायच्या नाहीत. मी मागितलं तर मुलीला म्हणायच्या, "आयला पानी दे. माझ्या हातचं नको." वालाच्या शेतात जायच्या त्या अंधार पडल्यावर परत यायच्या. घरात असल्या की मी खाटेवरून त्यांना बघायची. त्या मधेच काम थांबवून उभ्या राहायच्या, ओठ हलायचे, काहीतरी आठवत असल्यासारख्या.

त्या महिन्यातली एक बरी गोष्ट सांगते. यांनी रजा काढून घराच्या मागे खड्डा खणला, वर दोन फळ्या टाकल्या आणि कारवीच्या कुडाचा आडोसा केला. मला दिवसा जाता यावं म्हणून. एक दिवस एवढंच म्हणाले, "तिकडं जात जा आता." गावातल्या बायका आधी हसल्या. मास्तरणीचा महाल म्हणायच्या त्याला. पंधरा दिवसांनी दिवस गेलेली एकजण दुपारी हळूच, जाऊ का म्हणून विचारायला आली. मग दुसरी आली. मग कुणी विचारायचंही बंद झालं.

रक्त चालूच होतं. आता मला ते रोज दिसत होतं.

दुसरा दिवस

महिन्यानं, तपासणीच्या आदल्या शुक्रवारी, पुन्हा भिवपुरी. ताई म्हणाल्या, "या वेळंला आयेला नको आणूस." मी म्हटलं, आत्या आल्या तरच मी येईन. का म्हटलं ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. आत्या आल्या, पण घरात बसल्या नाहीत. मागच्या अंगणात भिंतीला टेकून, माझ्याकडे पाठ करून बसल्या.

बारा वाजता तेल. लिंबू, मीठ, नाक, चहा. सगळं मी एकटीनं केलं. दोन वाजता सुरू झालं. चौथ्या खेपेला संडासातून बाहेर आले आणि भिंत धरून उभी राहिले. आत्या दोन हातांवर होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि परत मागे घेतला. मला हात लावायचीही त्यांना भीती वाटत होती.

मी तिथेच जमिनीवर बसले. "आत्या, त्या दिवशी मी खोटं वाचलं."

त्या हलल्या नाहीत.

"कागदात लिहिलं होतं, काही झालं तरी थांबवायचं नाही. मला सोसवेना म्हणून मी खोटं सांगितलं. आणि डॉक्टरांसमोर गप्प बसले."

आत्या म्हणाल्या, "मंजे माझं ऐकणं बरूबर व्हतं."

"हो."

"एक म्हैना मी त्येच आठवतेय गं. तू काय बोललीस नि मी काय ऐकलं. वालात हुबी ऱ्हायले की त्येच. मला वाटलं, म्हातारपणानं कान गेलं, डोस्कं गेलं. माझ्या पोरानं माझ्याशी त्वांड नाय उघडलं, नि मी म्हणत व्हते, बरूबर हाय त्याचं. चूक माझीच हाय." त्यांचा आवाज चढला. "नि तू बघत बसलीस? शिकलेली बाई ना तू? पोरांना खरं बोला म्हून शिकवतंस ना?"

"आत्या..."

"गप ऱ्हा!"

त्या उठल्या आणि मागचं दार ढकलून निघून गेल्या. कुठे गेल्या कळलं नाही. मी पाचव्या खेपेला गेले, सहाव्या खेपेला गेले. त्या आता आमच्या गावी चालत निघाल्या असतील असं मला वाटलं, आणि तसं झालं तर मला बोलायला जागा नव्हती. पोटातला पिळा आणि आत्यांचं जाणं, दोन्हीत जास्त कोणतं दुखत होतं ते सांगता यायचं नाही.

तासाभरानं दार वाजलं. आत्या आत आल्या. डोळे लाल होते, पाय धुळीनं भरले होते. "आता कितवी?" त्यांनी विचारलं.

"सातवी झाली."

"कागद काढ."

मी कागद काढला. "वाच," त्या म्हणाल्या. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "परत वाच." मी परत वाचला. मग त्यांनी मला हाताला धरून खाटेवर नेलं, डोक्याखाली उशी नीट केली आणि सरबताचा पेला तोंडाला लावला.

दिवे लागले तेव्हा माझी पुन्हा तीच अवस्था झाली. किंबहुना जास्त वाईट, कारण महिन्याचा अशक्तपणा अंगात होता. मी म्हणाले, "आत्या, नाही सोसत. थोडीशी पेज द्या. पाणी पाणी द्या नुसती."

"नाय."

"मरेन मी."

"नाय मरत. मी हाय हितं."

मी त्यांना वाटेल ते बोलले. तुमचा जीव थंड होतोय का, सूड घेताय का, असंही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दर खेपेला मला उचलून नेलं, बाहेर उभ्या राहिल्या, फडकं ओलं करून तोंड पुसलं. शेवटी शेवटी नुसतं स्वच्छ पाणी पडायला लागलं. आत्यांनी कंदील आणून भांड्यात बघितलं, आणि म्हणाल्या, "आता झालं."

दिसलं

सकाळी इस्पितळाच्या दारातच सिस्टरनं आत्यांना ओळखलं. "आजी, आज काही दिलं नाहीत ना?"

मी म्हणाले, "त्या दिवशीही त्यांनी आपल्या मनानं दिलं नव्हतं. कागदात काय लिहिलंय ते मी त्यांना खोटं सांगितलं होतं." हे माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते आईकडे बघत होते, आणि ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

पुन्हा थंड टेबल, पांढरं औषध, डावी कूस, उजवी कूस. या वेळी मुंबईच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरले आणि मला जवळ बोलावलं. पांढरी रुंद वाट खाली येत होती आणि एका जागी दोन्ही बाजूंनी खाल्ल्यासारखी बारीक झाली होती. "इथे," ते म्हणाले. आमच्या डॉक्टरांनीही बघितलं. म्हणाले, जागा बरी आहे. तुकडा काढून जोडता येईल, वाट पोटावरून काढावी लागणार नाही बहुतेक.

मी विचारलं, "एक महिना वाया गेला, त्यानं काही फरक पडला का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पडला असेल, नसेलही. ते कुणालाच सांगता येणार नाही." त्या उत्तरासोबतच मी आजवर राहते आहे. ऑपरेशन नीट झालं, तरीही.

बाहेर बाकावर आत्या बसल्या होत्या. मला बघून उठल्या. "दिसलं का गं?"

"दिसलं."

"साफ?"

"अगदी साफ, आत्या. डॉक्टर म्हणाले, पोट इतकं स्वच्छ करून कुणी येत नाही."

महिन्यात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. मोठं काम हातून नीट पार पडावं तशा त्या हसल्या. मग विचारलं, "काय दिसलं?"

हे मागून खुणा करत होते, सांगू नको. तेव्हा तशीच रीत होती. असा आजार घरातल्या म्हाताऱ्यांना सांगायचा नाही, 'थोडी सूज आहे' म्हणायचं आणि गप्प बसायचं. ताईंनीही मान हलवली. मी आत्यांच्या शेजारी बसले.

"गाठ आहे आत्या. वाईट जातीची असावी म्हणतात. कापायला मुंबईला जावं लागेल."

त्यांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, जायचं विसरल्यासारखं. मग त्यांनी विचारलं, "केवढी हाय?"

मी उजव्या हाताचा अंगठा पुढे केला आणि पेराशी खूण केली. "एवढी."

आत्यांनी तो अंगठा मुठीत धरला. गाडी यायला तासभर होता. तेवढा वेळ त्यांनी मूठ सोडली नाही.